कॅप्टन गेला, काळ गेला, मग बाईनं काय करायचं होतं?

विला कॅथर या अमेरिकन लेखिकेची 'अ लॉस्ट लेडी' नावाची एक छोटी कादंबरी आहे. 1923 सालची. जेमतेम पावणेदोनशे पानं. शनिवारी दुपारी चहा घेऊन बसलात तर रात्रीच्या जेवणाआधी संपते. माझी ती फार लाडकी आहे, आणि तिच्या नायिकेबद्दल लोक जे बोलतात ते माझ्या तितकंच डोक्यात जातं. म्हणून आजचं हे लांबण. (पुढे सगळी गोष्ट सांगून टाकणार आहे. रसभंग नको असेल तर इथेच थांबा, पुस्तक वाचून या. शंभर वर्षं होऊन गेली आहेत, मी आणखी किती दिवस गप्प बसू?)

तर लोक काय बोलतात? एक साधं मत: "बाई छान होती हो, पण घसरली." आणि दुसरं जरा शिकलेलं मत: "मॅरियन फॉरेस्टर हे अमेरिकन फ्रंटियरचं प्रतीक आहे, तो काळ ढासळत जातो तसतशी तीही ढासळते." आमच्या पुस्तकं वाचणाऱ्या टोळक्यात ही दोन्ही मतं मी एकाच संध्याकाळी ऐकली. आणि खरं सांगू? मला दुसरं जास्त वाईट वाटलं. पहिल्यात ती निदान बाई तरी आहे. दुसऱ्यात तिचं थर्मामीटर झालंय. बाहेरचं तापमान किती उतरलं हे बघायला तिच्याकडे बघायचं, बस्स.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत गोऱ्यांची वस्ती पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत गेली, त्या सरकत्या सीमेला फ्रंटियर म्हणतात. 1890 च्या जनगणनेनंतर सरकारी खात्यानंच जाहीर केलं की आता अशी सलग सीमारेषा दाखवता येत नाही, मध्ये मध्ये सगळीकडे वस्ती झाली आहे. 1893 मध्ये फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या इतिहासकारानं शिकागोत निबंध वाचला: अमेरिकेचा स्वभाव या सीमेनं घडवला, आणि ती आता संपली. तेव्हापासून तिकडे या 'संपण्या'चं दुःख करण्याचा एक धंदाच आहे. कादंबऱ्या, सिनेमे, सगळं.

कॅथरची गोष्ट याच काळातली. स्वीट वॉटर नावाचं प्रेअरीवरचं गाव, बर्लिंग्टन रेल्वेच्या मार्गावरचं. गाव काल्पनिक आहे, पण कॅथर जिथे वाढली त्या नेब्रास्कातल्या रेड क्लाउडवर ते बेतलेलं आहे. टेकडीवर कॅप्टन डॅनियल फॉरेस्टरचं घर. कॅप्टननं कंत्राटदार म्हणून या रेल्वेचे शेकडो मैल रूळ टाकलेत. मॅरियन त्याची बायको, त्याच्याहून पंचवीस वर्षांनी लहान. रेल्वेचे बडे साहेब जाता-येता मुद्दाम तिथे उतरतात आणि ती स्वागताला बाहेर येते, कधी केस मोकळे सोडून हातात ब्रश घेतलेली, कधी बोटांना चेरीचे डाग लागलेली. एकदा नवा वळू कुरणातून तिच्या मागे लागतो, आणि ही पळतेय, हसतेय, आणि हातातली लाल छत्री काही सोडत नाही. तिचं हसणं हे या कादंबरीतलं मुख्य पात्र आहे असं म्हटलं तरी चालेल. माणसं एकदा ते ऐकतात आणि वर्षानुवर्षं ते पुन्हा ऐकायला येत राहतात.

आणि आपण हे सगळं बघतो ते नील हर्बर्टच्या डोळ्यांनी. नील हा गावातल्या जज पॉमरॉयचा भाचा. बारा वर्षांचा असताना फॉरेस्टरांच्या झाडावरून पडून त्याचा हात मोडतो, मिसेस फॉरेस्टर त्याला स्वतःच्या खोलीत नेऊन झोपवते, आणि पोरगा तिथेच खलास. त्या खोलीतला मंद उजेड, तिच्या हातातल्या अंगठ्या, तिचा आवाज. पुढे हा मोठा होतो, आर्किटेक्चर शिकायला बोस्टनला जातो, पण त्याच्या डोक्यातली मिसेस फॉरेस्टर बारा वर्षांच्या पोरानं पलंगावरून पाहिलेलीच राहते.

आता खटला. नीलचे तिच्यावर आरोप काय काय आहेत? तिचं फ्रँक एलिंजर नावाच्या माणसाशी प्रकरण आहे. नवरा गेल्यावर ती आयव्ही पीटर्स नावाच्या नीच वकिलाशी संधान बांधते. ती ब्रँडी पिते. सगळं खरं. पण नीलच्या मनातला सगळ्यात मोठा आरोप यातला एकही नाही, आणि कॅथरनं तो लपवलेला नाही, शेवटाकडे सरळ लिहून टाकलाय. ती त्या सगळ्या थोर पुरुषांची विधवा असल्यासारखी स्वतःची आहुती द्यायला तयार झाली नाही, पायोनियरांच्या काळाबरोबर मेली नाही, वाट्टेल त्या अटींवर तिला जगायचं होतं, हा तो आरोप.

मूळ इंग्रजीत तिथे 'इमोलेट' हे क्रियापद आहे. अमेरिकन वाचकाला तो एक भारदस्त शब्द वाटत असेल. मराठी वाचकाला त्याचं भाषांतर शोधावं लागत नाही. सती जाणे. नीलला तिनं सती जायला हवं होतं. नवऱ्याबरोबर सुद्धा नाही, एका कालखंडाबरोबर!

आपल्याला हे लगेच कळायला पाहिजे, कारण आपण या भानगडीत मुरलेले आहोत. 1772 मध्ये थेऊरला माधवराव पेशवे गेले आणि रमाबाई सती गेल्या. रणजित देसाईंची 'स्वामी' 1962 साली आली, तेव्हापासून कित्येक घरांत त्या प्रसंगावर डोळे पुसले गेले आहेत. मीही वाचताना गलबललोय, नाही कशाला म्हणू. पण गंमत बघा. जी गेली तिच्यावर आपण देऊळ बांधतो, आणि जी मागे राहून चार गोष्टी बऱ्या, चार वाईट करत आयुष्य रेटते ती आपल्याला गोष्टीत नकोशी होते. तिचं शेवटचं प्रकरण आपण घाईघाईनं उलटतो. मुंबई इलाख्यात सतीबंदी 1830 मध्ये आली. वाचकाच्या मनात कायदा पोचायला वेळ लागतोय :-)

बरं, काळ संपला म्हणजे नक्की काय झालं, त्याचं बिल कुणी भरलं, तेही बघू. डेन्व्हरमधली एक बँक बुडते. कॅप्टन तिचा अध्यक्ष. ठेवीदार सगळे छोटे लोक: रेल्वेतले कामगार, मजूर, कॅप्टनचं नाव ऐकून पैसे ठेवलेले. बाकीचे संचालक म्हणतात ठेवीदारांना थोडेफार देऊन विषय मिटवू. कॅप्टन म्हणतो, डॉलरला डॉलर. बाकीचे हात वर करतात, तेव्हा हा स्वतःची सगळी मालमत्ता ओततो आणि कंगाल होऊन घरी येतो. उरतं काय? घर आणि पेन्शन. थोड्याच दिवसांत त्याला पक्षाघाताचा झटका येतो.

माणूस म्हणून कॅप्टन मोठा आहेच, त्यावर वाद नाही. पण ओतलेल्या पैशांत मॅरियनची उरलेली चाळीस वर्षंही होती की नाही? आणि ती काय म्हणते? याच्यापेक्षा वेगळं काही त्यानं केलेलं मला चाललं नसतं, असं. रडारड नाही, टोमणा नाही. त्यानंतर ती स्वतः स्वयंपाकघरात राबते, आजारी नवऱ्याचं सगळं करते, आणि ज्या स्वीट वॉटरमधून हिवाळ्यात निसटून कोलोरॅडोला जायचं एवढंच तिचं सुख होतं, तिथे एकामागून एक बर्फाळ हिवाळे काढते. कॅप्टनच्या औदार्याबद्दल गावात लोक भरभरून बोलतात. तिच्या वाट्याच्या औदार्याचा मात्र कुणी हिशोबच ठेवत नाही.

इथे कुणीतरी हात वर करून म्हणणार की अहो, कॅप्टन डेन्व्हरला बँकेत गुंतलेला असतानाच ती घरी एलिंजरबरोबर होती, त्याचं काय? बरोबर. कॅथरनं मुद्दामच त्या दोन गोष्टी एकाच वेळी घडवल्यात. पहाटे नील दलदलीच्या कडेची रानगुलाबाची फुलं तोडतो, तिच्या खिडकीशी ठेवायला. आतून तिचं हसणं ऐकू येतं, पाठोपाठ पुरुषाचा आवाज. तो फुलं चिखलात फेकून देतो. पण त्या क्षणाबद्दल कादंबरी काय सांगते तेही वाचा की: त्याची नीतिमत्ता दुखावली नाही, सौंदर्याची कल्पना दुखावली. म्हणजे कॅप्टनचं वाईट वाटून नाही हो, शोकेसमधल्या बाहुलीला तडा गेला म्हणून!

या प्रकरणाचा आणखी एक साक्षीदार आहे आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. अडॉल्फ ब्लम. गावातल्या गरीब जर्मन कुटुंबातला मुलगा, मासे आणि शिकार विकणारा. एका हिवाळी दुपारी मॅरियन आणि एलिंजर ख्रिसमससाठी सीडरच्या फांद्या आणायच्या निमित्तानं घसरगाडी घेऊन जंगलात जातात. अडॉल्फ सशांच्या मागावर झाडीत असतो. तो सगळं बघतो. आणि कुणाला म्हणजे कुणाला सांगत नाही. का? कारण ती त्याच्याशी माणसासारखं वागते. रस्त्यात दिसला की मान डोलावून हसते. बंदीच्या महिन्यांत त्यानं मारलेली शिकार घेते आणि त्याचं नाव फोडत नाही. अडॉल्फच्या डोक्यात ती कशाचंही प्रतीक नाही. ती काय करते ते तिचं ती बघेल, एवढाच त्याचा हिशोब.

नीलनं हीच गोष्ट ऐकली आणि तो आयुष्यभर कुढला. अडॉल्फनं पाहिली आणि ससे घेऊन घरी गेला. कॅथरनं हा मुलगा तिथे उगाच बसवला असेल असं ज्यांना वाटतं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. इतक्या छोट्या कादंबरीत जागा फुकट घालवणारी लेखिका नव्हती ती.

आणि तिसरा साक्षीदार खुद्द नवरा. कॅप्टन एकदा पोस्टात टाकायचं एक पत्र नीलच्या हातात देतो. पत्ता एलिंजरचा, अक्षर मॅरियनचं. आणि म्हातारा तिच्या अक्षराचं कौतुक करतो. तेवढंच. त्याला सगळं माहीत होतं, आणि ती त्याला त्या सगळ्यासकट पसंत होती, हे पुढे नीलच्याही लक्षात येतं. म्हणजे फसवला गेलेला माणूस शांत आहे, आणि ज्याच्याशी कसलंही लग्न झालेलं नाही तो शेजारचा पोरगा घटस्फोटाच्या आवेशात!

आता फ्रंटियरबद्दल दोन शब्द, कारण नीलच्या दुःखातला सगळ्यात पोकळ भाग तो आहे. त्याच्या मते जुनी माणसं स्वप्नं बघणारी, दिलदार; नवीन माणसं आयव्ही पीटर्ससारखी, खुरटी, दमडीला चिकटलेली. कॅप्टनला आवडायची म्हणून त्यानं दलदल तशीच ठेवली होती. आयव्ही ती जमीन भाड्यानं घेतो, पाणी काढून टाकतो आणि गहू पेरतो. नीलला वाटतं आयव्हीनं ते कॅप्टनचा आणि त्याचा स्वतःचा सूड म्हणून केलं, आणि ते खरंही असेल. आयव्हीबद्दल मला तसूभर प्रेम नाही. तरुणपणी सुतारपक्ष्याचे डोळे चिरणारा प्राणी आहे तो.

पण कॅप्टनची ती टेकडी कुणाची होती? जेवणाच्या टेबलावर कॅप्टन स्वतःच गोष्ट सांगतो: तरुणपणी इथून जाताना त्याला ही जागा दिसली, इंडियनांचा तळ होता तिथे. त्यानं विलोचा एक खुंट तोडून जमिनीत ठोकला, इथे घर बांधायचं म्हणून. काही वर्षांनी येऊन बघतो तर खुंटाला मुळं फुटून झाड झालेलं. सुंदर प्रसंग आहे. पाहुणे भारावतात, वाचकही भारावतात. आणि तळावरची माणसं कुठे गेली हे टेबलावर कुणी विचारत नाही. प्रत्यक्ष इतिहासात नेब्रास्कातल्या पॉनी लोकांना 1870 च्या दशकात आजच्या ओक्लाहोमाकडे हलवलं गेलं, आणि बर्लिंग्टन रेल्वेला त्या राज्यात सरकारनं 20 लाख एकरांहून जास्त जमीन रूळ टाकण्याच्या बदल्यात दिली. पुढे आयव्ही वायोमिंगमध्ये इंडियनांकडून काहीतरी लबाडी करून मातीमोलानं जमिनी घेतो आणि मॅरियन तिचे थोडे पैसे त्यात गुंतवते, तेव्हा नीलला ओकारी येते. यायलाच हवी. पण त्याच्या लाडक्या घराचा पायाही एका खुंटावरच उभा आहे, तिथे त्याला काव्य दिसतं. एका पिढीनं घाऊक केलं, पुढच्या पिढीनं किरकोळ. आणि वाईट दिसली कोण? किरकोळ बाजारात नाइलाजानं उभी राहिलेली बाई.

मॅरियन निर्दोष आहे असं मला म्हणायचं नाहीये, उगाच तसा अर्थ काढू नका. जज पॉमरॉय वर्षानुवर्षं फुकटात तिचं काम बघत होता. त्याच्याकडून कागद काढून घेऊन आयव्हीला देणं ही कृतघ्नता आहे, आणि ती ते नीलशी धड बोलतही नाही. लबाडीचा पैसा तिला लबाडीचा म्हणून कळतो आणि तरी हवा असतो. एलिंजरनं दुसरीशी लग्न केल्याची बातमी वाचून ती रात्री पुराच्या पाण्यातून जजच्या ऑफिसात येते आणि त्याला फोनवर वाटेल ते बोलायला लागते. (ऑपरेटरनं ऐकू नये म्हणून नील मोठ्या कात्रीनं फोनची तार कापतो. नीलच्या बाजूनं मी एवढं मात्र म्हणेन. कॉलेजमधून वर्षभर सुट्टी काढून त्यानं कॅप्टनची शुश्रूषाही केली आहे. पोरगा वाईट नाही, फक्त त्याची पूजा महागात पडते.) या चुकांशिवाय मॅरियन मला आवडलीच नसती. या चुका भूक लागलेल्या माणसाच्या आहेत. ती नीलला एकदा सांगते की ग्लेनवुड स्प्रिंग्जला गेले, तिथे लोकांना मी अजून तरुण दिसले, माझ्यात अजून जगायची ताकद आहे, मला इथून बाहेर पडायचंय. तो ऐकतो आणि त्याला वाईट वाटतं. मदत? छे. शेवटी आयव्हीनं तिला कवेत घेतलेलं तो पाहतो आणि निरोपही न घेता गाव सोडून निघून जातो. बोस्टन आहेच ना त्याला.

हे तुम्हाला कुठेतरी पाहिल्यासारखं वाटतंय का? मला वाटतं. आपण पुण्यात नाहीतर न्यू जर्सीत फ्लॅट घेतो, आणि कोकणातल्या घरी काकूनं शेणाच्या जमिनीवर टाइल्स बसवल्या की आपला जीव कळवळतो. तिनं आमराईचा तुकडा बिल्डरला विकला की आपण फॅमिली ग्रुपवर चार-चार परिच्छेद लिहितो. काकूचे गुडघे, काकूचं लाइटबिल, गड्याची मजुरी, यावर ग्रुपवर शांतता. जो गाव सोडून जातो त्यालाच गाव जसंच्या तसं हवं असतं, आणि ते सांभाळायला त्याला कुणीतरी बाई लागते.

कुणी म्हणेल की कॅथर स्वतःच नीलच्या बाजूची होती. अर्धं खरं आहे. त्याच 1923 साली 'द नेशन'मध्ये तिनं नेब्रास्कावर लेख लिहिला, त्यात पायोनियरांनंतरच्या पैसेवाल्या पिढीवर ती बऱ्यापैकी चिडलेली आहे. पुढे तिनं असंही लिहिलं की 1922 च्या सुमाराला जग दुभंगलं, आणि ती स्वतः त्यातल्या मागच्या भागातली. पण मॅरियन जिच्यावरून सुचली ती लायरा गार्बर, नेब्रास्काचे एके काळचे गव्हर्नर सायलस गार्बर यांची बायको. कॅथरनं लहानपणी तिला पाहिलं होतं. तीही नवऱ्यामागे जगली, तिनंही दुसरं लग्न केलं. 1921 मध्ये ती गेल्याचं कॅथरला कळलं आणि त्यातून हे पुस्तक निघालं. ज्या बाईनं आहुती नाकारली तिच्यावर लेखिकेनं आख्खी कादंबरी खर्च केली. हसणं, छत्री, कानातले डूल, सगळं तिच्यासाठी राखून ठेवलं. नीलसाठी काय ठेवलं? चिखलातली फुलं.

मॅरियनचं पुढे काय झालं ते नीलला खूप वर्षांनी शिकागोत एका बालमित्राकडून कळतं. ती कॅलिफोर्नियाला गेली, मग हेन्री कॉलिन्स नावाच्या श्रीमंत इंग्रजाशी लग्न करून अर्जेंटिनात. बुएनोस आयर्सच्या हॉटेलात या मित्राला ती भेटली. रंगरंगोटी बरीच, पण हसणं तेच. नवरा जरा चिक्कू आणि भांडखोर आहे असं लोक म्हणत. तिनं मात्र नीलला निरोप धाडला की माझं सगळं छान झालं, नवरा अतिशय प्रेमळ आहे. दरवर्षी कॅप्टनच्या थडग्यावर फुलं ठेवण्यासाठी ती तिथून पैसे पाठवायची. ती गेल्यावर कॉलिन्सनं ते तिच्या नावानं चालू ठेवले. स्वतः दलदलीत जाऊन फुलं तोडणाऱ्या पोरापेक्षा हे बरं टिकलं म्हणायचं.

या कादंबरीवर 1924 आणि 1934 साली असे दोन सिनेमे निघाले. दुसऱ्यात बार्बरा स्टॅनविक आहे. तो बघून कॅथर इतकी वैतागली की यापुढे माझ्या कुठल्याही पुस्तकाचं नाट्यरूपांतर करायचं नाही असं तिनं मृत्युपत्रातच लिहून ठेवलं. तेव्हा सिनेमाच्या नादी लागू नका. पुस्तकाचा अमेरिकेतला कॉपीराइट 2019 च्या 1 जानेवारीला संपलाय, नेटवर रीतसर फुकट मिळतं. फक्त प्रस्तावनेसकट आवृत्ती हाती लागली तर ती प्रस्तावना शेवटी वाचा. बहुतेक ती नीलच्याच कुणा भावानं लिहिलेली असते.